चौकट कोण ठरवते? फाळक्यांच्या फिल्मपासून घरच्या डीव्हीडीपर्यंत

#धागा #इतिहास #नाशिक

१/
वीस वर्षांपूर्वीची लग्नाची डीव्हीडी आजच्या रुंद टीव्हीवर लावली, की एक विचित्र गोष्ट घडते. सडपातळ म्हणून ओळखली जाणारी आजी अचानक रुंद आणि ठेंगणी दिसू लागते. काही डीव्हीडींत नेमके उलट होते आणि सारे वऱ्हाड उंच व किडकिडीत दिसते. घरातले हसतात, "कॅमेऱ्यात असेच येते" म्हणतात आणि विषय संपतो.

कॅमेऱ्याचा यात बहुधा दोष नसतो. आजीचा चेहरा कोठे आणि कसा बदलला, याला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातील एक महत्त्वाचा मुक्काम आपल्या नाशिकात आहे. आजचा धागा त्यावर. थोडा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/
प्रथम संज्ञा समजून घेऊ. चित्राची रुंदी आणि उंची यांच्या प्रमाणाला इंग्रजीत अ‍ॅस्पेक्ट रेशो म्हणतात. आपण त्याला 'चौकटीचे गुणोत्तर' म्हणू. जुन्या टीव्हीचे गुणोत्तर ४:३, म्हणजे रुंदी ४ भाग तर उंची ३ भाग. आजच्या टीव्हीचे १६:९.

या धाग्याचे सूत्र एका वाक्यात सांगायचे तर, हलत्या चित्राचा आकार चित्राच्या आत लिहिलेला नसतो. तो चित्रासोबत प्रवास करणारी एक वेगळी सूचना असतो. नक्कल करताना चित्र पुढे जाते आणि सूचना मागे राहते. मग चित्र असते, पण त्यातील माणसे मूळ आकारात उरत नाहीत.

३/
४:३ हे प्रमाण आले कोठून? १८९०च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेत एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन काम करीत होता. त्याने ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म घेतली, दोन्ही कडांना छिद्रे पाडली आणि प्रत्येक चित्राला चार छिद्रांएवढी उंची दिली. चित्र साधारण १ इंच रुंद आणि पाऊण इंच उंच झाले. १ आणि पाऊण, म्हणजेच ४:३.

हे प्रमाण कोणा सौंदर्यशास्त्रज्ञाने ठरवले नाही, ते कामाच्या सोयीतून आले. पुढे १९०९ साली ३५ मिलिमीटर फिल्म हे आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून स्वीकारले गेले आणि त्या चौकटीला जगभर मान्यता मिळाली.

४/
आता नाशिककडे येऊ. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. १९१२ साली ते लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. त्याबरोबर आणखी एक यंत्र त्यांना लागले, ते म्हणजे फिल्मला छिद्रे पाडणारे. त्या काळी कच्ची फिल्म छिद्रांविना मिळत असे.

याचा अर्थ लक्षात घ्या. चित्राची उंची छिद्रांवरून ठरत होती आणि ती छिद्रे पाडण्याचे काम घरीच करावे लागत होते. भारतीय चित्रपटाची पहिली चौकट अक्षरशः घरगुती श्रमातून घडली.

५/
'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावातील कोरोनेशन सिनेमात प्रदर्शित झाला. त्यानंतर फाळक्यांनी आपले काम नाशिकला हलवले. 'मोहिनी भस्मासुर', 'सत्यवान सावित्री', 'लंकादहन' (१९१७) आणि 'कालिया मर्दन' (१९१९) हे त्यांच्या नाशिक काळातील चित्रपट. 'कालिया मर्दन'मध्ये बाळकृष्णाची भूमिका त्यांची कन्या मंदाकिनी हिने केली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले.

हे सर्व मूकपट होते. मूकपटात चित्र छिद्रांच्या दोन ओळींमधील सगळी जागा व्यापत असे, साधारण २५ मिलिमीटर रुंद आणि पावणेएकोणीस मिलिमीटर उंच. कडेला काहीही मोकळे ठेवलेले नसे.

६/
मग बोलपट आला. १९३१ साली 'आलम आरा' आला. १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आला. योगायोग असा, की त्याची कथाही हरिश्चंद्राचीच.

ध्वनी फिल्मवरच उमटवायचा म्हटल्यावर त्यासाठी कडेला एक पट्टी राखणे भाग पडले. चित्र अरुंद झाले, म्हणून उंचीही कमी करण्यात आली. १९३२ साली अमेरिकेतील अकादमीने नवे प्रमाण निश्चित केले. कॅमेऱ्यातील चित्र सुमारे २२ मिलिमीटर रुंद आणि १६ मिलिमीटर उंच झाले. गुणोत्तर १.३७, म्हणजे जवळपास पूर्वीइतकेच. परंतु फिल्मवरील जागा मात्र जवळपास पाव भागाने घटली.

७/
येथे पहिला अपघात होतो. प्रोजेक्टरमध्ये फिल्मच्या पुढे चौकोनी छिद्राचा एक धातूचा पत्रा बसवलेला असतो. त्या छिद्रातून जेवढे दिसेल तेवढेच पडद्यावर येते. मूकपटाची फिल्म बोलपटाच्या पत्र्यामागे चालवली, तर चित्राच्या एका बाजूची पट्टी कायमची पत्र्याआड जाते आणि वर-खालीही थोडे कापले जाते.

पडद्यावर पाहणाऱ्याला काही कळत नाही. चित्र नीटच दिसते. फक्त कडेला उभा असलेला माणूस गायब असतो. अशा प्रोजेक्शनवरून किंवा बोलपटाच्या मापाने नवी प्रत काढली, तर तो माणूस त्या प्रतीपुरता इतिहासातूनच जातो. मूकपटांच्या बाबतीत जगभर असे घडलेले आहे.

फिल्मवर "मला अमुक मापाच्या पत्र्यातून दाखवा" असे कोठेही लिहिलेले नसते. ते चालवणाऱ्या ऑपरेटरला ठाऊक असावे लागते.

८/
दूरचित्रवाणी आली तेव्हा तिने सिनेमाचीच चौकट उचलली, ४:३. घरोघर फुकट चित्रे दिसू लागल्यावर अमेरिकेतील चित्रपटगृहे ओस पडू लागली. उत्तर म्हणून १९५०च्या दशकात सिनेमाने पडदा रुंद केला. १९५२ साली सिनेरामा आणि १९५३ साली सिनेमास्कोप ही पद्धत आली.

सिनेमास्कोपची युक्ती आपल्या विषयासाठी फार महत्त्वाची आहे. हेन्री क्रेतियाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात एक भिंग तयार केले होते. ते दृश्याला फक्त आडव्या दिशेने निम्मे आकसून फिल्मवर उतरवत असे. प्रोजेक्टरवर तसेच दुसरे भिंग बसवले, की चित्र पुन्हा दुप्पट रुंद होई. फिल्म तीच ३५ मिलिमीटरची, पण पडद्यावरचे दृश्य उंचीच्या सुमारे अडीचपट रुंद.

अशी फिल्म हातात घेऊन पाहिली तर त्यात सगळी माणसे काडीसारखी बारीक दिसतात. भिंग हरवले, तर माणसे बारीकच राहणार.

९/
भारतातील पहिला सिनेमास्कोप चित्रपट म्हणजे गुरुदत्त यांचा 'कागज के फूल', १९५९. छायाचित्रण व्ही. के. मूर्ती यांचे.

त्याच १९५९ साली, १५ सप्टेंबर रोजी, दिल्लीत भारतीय दूरचित्रवाणीचा प्रारंभ झाला, ४:३ चौकटीत. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. म्हणजे आपल्या देशात रुंद पडदा आणि चौकोनी टीव्ही यांचा जन्म एकाच वर्षीचा. पुढील पन्नास वर्षे हे दोघे शेजारी राहिले, पण त्यांचे माप कधी जुळले नाही. टीव्हीवर रुंद चित्रपट लागला, की एक तर वर-खाली काळ्या पट्ट्या येत, नाही तर दोन्ही बाजू कापल्या जात.

१०/
हा तंटा मिटवण्यासाठी १६:९ आले. १९८०च्या दशकात अमेरिकेत कर्न्स पॉवर्स या अभियंत्याने तेव्हा प्रचलित असलेली सर्व गुणोत्तरे समान क्षेत्रफळाच्या आयतांच्या रूपात काढली आणि एकमेकांवर ठेवली. सगळ्यांना सामावणारा बाहेरचा आयत आणि सगळ्यांना समान असणारा आतला आयत, या दोहोंचे गुणोत्तर १.७७च्या आसपास आले. तेच १६:९.

गणिताची गंमत पाहा. ४/३चा वर्ग १६/९ होतो. म्हणून १६:९ हे ४:३ आणि रुंद सिनेमा यांच्या बरोबर मधोमध बसते. कोणालाही पूर्ण न्याय नाही, पण कोणावर फार अन्यायही नाही. तडजोड म्हणतात ती हीच.

११/
आता सिनेमागृहातून घरात येऊ. १९८२ साली दूरचित्रवाणीच्या चित्राचे अंकांत रूपांतर करण्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले. भारतात वापरल्या जाणाऱ्या पाल पद्धतीत चित्राच्या दिसणाऱ्या ओळी ५७६ आणि प्रत्येक ओळीत ७२० ठिपके, म्हणजे पिक्सेल.

७२०ला ५७६ने भागा. उत्तर येते १.२५, म्हणजे ५:४. ते ४:३ नाही आणि १६:९ही नाही!

कारण हे पिक्सेल चौरस नसतात. ४:३ चित्र दाखवताना ७२० पिक्सेल ७६८ इतक्या रुंदीवर ताणायचे असतात. १६:९ चित्र दाखवताना तेच ७२० पिक्सेल १०२४ इतक्या रुंदीवर ताणायचे असतात. साठवणीत दोन्ही चित्रे एकाच मापाची. नुसते आकडे पाहून कोणते कोणते हे यंत्राला ओळखता येत नाही.

१२/
मग डीव्हीडी प्लेअरला कळते कसे? एका छोट्याशा खुणेवरून.

डीव्हीडी १९९६ साली जपानमध्ये बाजारात आली. तिच्यावरील चित्र एमपेग-२ पद्धतीने साठवलेले असते आणि त्याच्या शीर्षभागात गुणोत्तरासाठी एक अंक राखलेला असतो. तेथे २ असेल तर ४:३ आणि ३ असेल तर १६:९. तशीच नोंद डिस्कवरील आयएफओ नावाच्या माहितीच्या फाइलमध्येही असते. सिनेमास्कोपमध्ये जे काम काचेचे भिंग करी, ते येथे एक अंक करतो.

४.७ जीबीच्या डिस्कवर आजीचा चेहरा खरा दिसावा की खोटा, हे एका अंकावर अवलंबून असते.

१३/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट अपरिचित वाटू नये. मराठेशाहीतील पत्राच्या शेवटी मोर्तब होत असे. मोर्तब म्हणजे मजकूर येथे संपला, यापुढे कोणी काही जोडले तर ते आमचे नव्हे. मजकुराचा आशय वेगळा आणि त्याची सीमा सांगणारी ही खूण वेगळी.

नक्कलकाराने मजकूर जसाच्या तसा उतरवला आणि मोर्तबाची नोंद केली नाही, तर शब्द सर्व हाती येतात, पण पत्र पूर्ण आहे की अर्धे, हे सांगता येत नाही. डीव्हीडीवरील तो अंक म्हणजे चित्राचे मोर्तब होय.

१४/
आपल्याकडे हा घोळ नेमका कधी झाला? २०००नंतरच्या दशकात. तोवर लग्ने आणि मुंजी व्हीएचएसवर, मग व्हीसीडीवर मिळत. व्हीसीडीत ४:३शिवाय पर्यायच नव्हता, म्हणून गोंधळही नव्हता.

मग मिनीडीव्ही कॅसेटचे हँडीकॅम घरोघरी आले. त्यांत १६:९ची कळ होती, पण तिचा अर्थ प्रत्येक कॅमेऱ्यात एकच नव्हता.

• काही कॅमेरे सेन्सरचा खरोखर अधिक रुंद भाग वापरत आणि चित्र आकसून ७२० पिक्सेलमध्ये भरत.
• काही कॅमेरे ४:३ चित्राचा वरचा-खालचा भाग टाकून देत आणि उरलेले ताणत.
• काही कॅमेरे ४:३ चित्रावर वर-खाली नुसत्या काळ्या पट्ट्या रंगवत. याला बहुधा 'सिनेमा' असे नाव दिलेले असे.

बघायला तिन्ही रुंद, पण साठवण तिन्हींची निराळी.

१५/
खूण हरवण्याची सर्वांत मोठी जागा म्हणजे कॅसेटवरून संगणकावर चित्र घेण्याची पायरी. डीव्ही कॅसेटवर चित्राच्या बाजूला गुणोत्तराची नोंद असते. फायरवायरच्या केबलने चित्र घेतले तर ती नोंद सोबत येते, पण संपादनाचे सॉफ्टवेअर तिच्याकडे लक्ष देईलच असे नाही. पिवळ्या, पांढऱ्या, लाल पिनांच्या साध्या केबलने घेतले, तर बहुतेक वेळा ती नोंद येतच नाही. पाल चित्राच्या २३व्या ओळीत रुंद चित्राचा एक संकेत पाठवण्याची सोय होती, परंतु पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या दोन्ही यंत्रांना तो कळावा लागे.

त्यानंतर डीव्हीडी तयार करताना सॉफ्टवेअर विचारते, ४:३ की १६:९? तेथे घाईने चुकीचे उत्तर दिले, की चेहऱ्याचा निकाल लागला.

१६/
तुमच्या घरच्या डिस्कमध्ये काय झाले आहे, हे ओळखण्याची सोपी कसोटी म्हणजे वर्तुळ.

चित्रणात सरळ समोरून दिसणारी एखादी गोल वस्तू शोधा. भिंतीवरचे घड्याळ, गाडीचे चाक किंवा वरून घेतलेले जेवणाचे ताट. चित्र थांबवा आणि रुंदीला उंचीने भागा.

• उत्तर १ : सर्व ठीक.
• १.३३ : ४:३ चित्र रुंद टीव्हीभर ताणलेले आहे.
• ०.७५ : १६:९ चित्राला कोणी तरी ४:३ समजले आहे.
• ०.९४ : ४:३ चित्र पिक्सेल चौरस समजून दाखवले आहे.
• ०.७० : तीच चूक १६:९ चित्राबाबत.

फूटपट्टी पुरते. मोजमापात थोडा फरक येईल, पण पहिले तीन आकडे एकमेकांपासून इतके दूर आहेत, की निदान चुकत नाही.

१७/
येथे ताणणे आणि कापणे यांतील फरक समजणे अत्यावश्यक आहे. नाशिकचेच उदाहरण घेऊ.

रामकुंडाजवळ, गोदावरीच्या पात्रात दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. पूर आला की नाशिककर विचारतात, "पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आलं?" कोणी कमरेपर्यंत म्हणतो, कोणी छातीपर्यंत. ती मूर्ती हेच शहराचे पूरमापक.

समजा, २००८च्या पुराचे कोणी हँडीकॅमवर चित्रण केले आणि डीव्हीडीवर ते आडवे ताणले गेले. मारुती जाड दिसेल. पण पाणी मूर्तीच्या उंचीच्या कितव्या भागापर्यंत आले आहे, हे प्रमाण बदलत नाही, कारण ताण फक्त आडवा आहे. पुरावा विद्रूप झाला, तरी वाचता येतो आणि दुरुस्तही करता येतो.

आता समजा, रुंद टीव्ही भरावा म्हणून चित्र वर-खाली कापले. ४:३चे १६:९ करताना ५७६ ओळींपैकी ४३२च उरतात, १४४ जातात. बरोबर पाव भाग. मारुतीचे मस्तक वरून गेले किंवा पाण्याची रेषा खालून गेली, तर पुरावाच संपला. तो कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

१८/
म्हणून जुन्या कॅसेटवरून डीव्हीडी किंवा फाइल तयार करताना काही साधे नियम पाळावेत.

एक, ४:३ चित्रण ४:३च ठेवावे आणि खूणही ४:३चीच द्यावी. रुंद टीव्हीवर डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या येतील. त्या येऊ द्याव्यात.

दोन, आकसून साठवलेल्या खऱ्या १६:९ चित्रणाला १६:९ची खूण द्यावी, चित्राला हात लावू नये. जुना ४:३ टीव्ही असेल तर योग्य सेटिंग केलेला प्लेअर स्वतःच वर-खाली पट्ट्या देऊन ते नीट दाखवतो.

तीन, ज्यात काळ्या पट्ट्या चित्रातच रंगवलेल्या आहेत, ते चित्रण मुळात ४:३ आहे. त्याला १६:९ची खूण देऊ नये. ४:३ म्हणून ठेवल्यास रुंद टीव्हीवर ते चारही बाजूंनी काळ्या चौकटीत लहान दिसेल, पण आकार खरा राहील. मोठे करून पाहायचे असेल, तर ते टीव्हीच्या झूमने पाहताना करावे. जपून ठेवायच्या प्रतीत करू नये.

१९/
एकाच डीव्हीडीवर दोन्ही प्रकारचे चित्रण असेल तर? उदाहरणार्थ, २००२ची मुंज ४:३मध्ये आणि २००८चे लग्न १६:९मध्ये.

डीव्हीडीच्या रचनेत चित्रांचे गट असतात आणि एका गटाला एकच गुणोत्तर देता येते. म्हणून दोन स्वतंत्र गट करावेत. मेनूवरून दोन्ही उघडता येतात.

सर्व काही सलग एकाच गटात हवे असेल, तर ४:३ चित्र १६:९ चौकटीच्या मधोमध ठेवून दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या द्याव्यात. त्यात ७२०पैकी ५४० पिक्सेल चित्राच्या वाट्याला येतात. बारकावा थोडा घटतो, पण कोणी कापले जात नाही.

याचा आणखी एक फायदा आहे. जुन्या व्हिडिओत सम आणि विषम ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या असतात, दर सेकंदाला ५० अर्धी चित्रे. उंची बदलली की दोन क्षणांच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि हालचालीच्या कडांना फणीसारखे दाते दिसतात. फक्त रुंदी बदलली, तर ओळी आपापल्या जागी राहतात.

२०/
नाशिकच्या दृष्टीने हा प्रश्न घरगुती हौसेपुरता नाही. सिंहस्थाचे उदाहरण घ्या. १९९१, २००३ आणि २०१५ हे तीन सिंहस्थ घराघरांतील कॅमेऱ्यांच्या काळातले. १९९१ हा व्हीएचएसचा काळ, चौकट ४:३. २००३ हा हँडीकॅमचा काळ, चौकट ४:३ किंवा तीन प्रकारची '१६:९'. २०१५ हा मोबाइलचा काळ, चौकट १६:९, आणि मोबाइल उभा धरला असेल तर ९:१६.

उभे चित्र रुंद टीव्हीवर पूर्ण दाखवले तर ते पडद्याचा तिसरा हिस्साही व्यापत नाही. ते कापून रुंद केले, तर दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जातो.

उद्या कोणी रामकुंडावरील गर्दीचा, घाटांच्या बदलत गेलेल्या रूपाचा, साधूंच्या मिरवणुकीच्या मार्गाचा अभ्यास करू लागला, तर सरकारी चित्रणाइतकाच आधार त्याला या घरगुती कॅसेटींचा असेल. आणि गर्दी मोजायची झाली, तर चौकटीच्या कडेला काय होते हेच विचारावे लागेल.

२१/
चौकटीच्या कडेला इतके महत्त्व का, हे फाळक्यांच्या फिल्मवरून समजते. 'राजा हरिश्चंद्र' मूळचा सुमारे ३७०० फूट लांबीचा, चार रिळांचा. आज त्यातील थोडाच भाग उपलब्ध आहे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी चिकाटीने शोध घेऊन फाळक्यांच्या फिल्मचे जे अवशेष जमवले, त्यांमुळे आपण 'कालिया मर्दन'मधील छोट्या मंदाकिनीला आज पाहू शकतो.

जेव्हा मूळ इतके थोडे उरते, तेव्हा त्या चित्राच्या कडेची प्रत्येक रेषा मोलाची होते. मूकपटाच्या चौकटीऐवजी बोलपटाची चौकट लावली, तर पाव भाग जाणार. ४:३ कॅसेटला १६:९मध्ये कोंबले, तरीही पाव भागच जाणार. अनेक दशकांचे अंतर असलेले हे दोन अपघात मुळात एकच आहेत.

२२/
एक आक्षेप नेहमी येतो : "काळ्या पट्ट्या वाईट दिसतात, टीव्ही भरलेला हवा." ही भावना समजण्यासारखी आहे. पैसे मोजून मोठा टीव्ही आणला आणि त्याचा पाव भाग काळा!

परंतु आपण जुन्या पत्राची छायाप्रत काढताना कागद मोठा आहे म्हणून अक्षरे ताणत नाही. कोरी जागा राहू देतो. टीव्हीच्या काळ्या पट्ट्या म्हणजे तशीच कोरी जागा. त्या सांगतात, की या चित्रणाच्या काळी जग एवढ्याच चौकटीतून पाहिले जात होते. ती चौकट हीसुद्धा ऐतिहासिक माहिती आहे.

शिवाय पाहताना ताणून पाहणे आणि जपताना ताणून जपणे यांत फरक आहे. रिमोटचे बटण पुन्हा दाबता येते. मूळ कॅसेट टाकून दिल्यावर चुकीच्या डिस्कला मूळ मानण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

२३/
तेव्हा वाचकांना तीन कामे सुचवतो.

पहिले, घरातील कॅसेटी टाकू नका. डीव्हीडी झाली आहे म्हणून मूळ निरुपयोगी झाले असे समजू नका. पिढीगणिक प्रत बिघडते, हे आपण बखरींच्या नकलांवरून शिकलोच आहोत.

दुसरे, डीव्हीडीवरून संगणकावर प्रत घेताना व्हिडिओ_टीएस हा संपूर्ण फोल्डर घ्या. केवळ चित्राच्या मोठ्या फाइली उचलून आयएफओ मागे ठेवू नका. घरी लिहिलेल्या डिस्कचा थर काळानुसार क्षीण होतो, म्हणून हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही.

तिसरे, प्रत्येक कॅसेटीसोबत एक चिठ्ठी ठेवा. कोणता प्रसंग, कोणते गाव, कोणते वर्ष, कोणता कॅमेरा आणि चौकट कोणती, ४:३ की १६:९. शेवटचा तपशील बहुतेक जण लिहीत नाहीत. तो लिहायला अर्धे मिनिट लागते.

२४/
पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळक्यांचे स्मारक आहे. तेथे जाणाऱ्या प्रत्येकाला वाटते, की चित्रपटाचा इतिहास म्हणजे थोर माणसांनी केलेले चित्रपट. तो आहेच. पण या शहराच्या माळ्यांवर, लोखंडी कपाटांत, लग्नाच्या अल्बमांखाली ठेवलेल्या छोट्या कॅसेटीही त्याच इतिहासाच्या पुढील रिळांत मोडतात. १९९१ची रामकुंडावरची पहाट, चैत्रातील रथोत्सव, रंगपंचमीची रहाड, आणि अंगणात बसून शेवया वळणारी कोणाची तरी आजी.

तिच्या अंगावरचे लुगडे, मागची भिंत, कडेला उभे असलेले मूल, हे सर्व त्या चौकटीत आहे. तिला तिच्या मापात पुढच्या पिढीकडे सोपवणे एवढेच आपल्या हातात आहे, आणि तेवढे जमण्यासारखे आहे.

आपल्या घरच्या डिस्कवर वर्तुळाची कसोटी करून पाहा आणि उत्तर किती आले ते खाली अवश्य कळवा. सिंहस्थाचे किंवा गोदावरीच्या पुराचे जुने घरगुती चित्रण कोणाकडे असल्यास तेही सांगा. धागा उपयुक्त वाटल्यास ज्यांच्या घरी अजून कॅसेटी पडून आहेत त्यांच्यापर्यंत पोहोचवा.